पोलीस ठाण्यावरील चौथी खुर्ची

परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि पकडलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात झाले. न्यायासाठीही त्याच्या आईला याच शहरात, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या दारात, यावे लागले. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा, असा आदेश खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी दिला. त्या आदेशाविरुद्ध राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तेथून रिकाम्या हाताने परतले. मुलगा गमावलेल्या आईला केवळ गुन्हा नोंदविला जावा एवढ्यासाठी साडेसहा महिने झगडावे लागले, आणि तेवढ्यावरही शासनाला वरच्या न्यायालयात दाद मागावीशी वाटली, ही वस्तुस्थिती कोणत्याही भाष्यापेक्षा बोलकी आहे.

या साऱ्या काळात पोलिसांच्या कारभारावर देखरेख ठेवणारी व्यवस्था कागदावर नव्हती असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात दिलेला आदेश कार्यकर्त्यांनी मुद्दाम मिळवून वाचावा. देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात दृश्याबरोबर आवाजही टिपणारे कॅमेरे बसवावेत. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, ठाण्याची मागची बाजू, यांपैकी काहीही नजरेतून सुटू नये. चित्रण अठरा महिने जपून ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. परंतु महत्त्वाचा भाग त्यापुढचा आहे. हे चित्रण तपासून त्यात मानवी हक्कांचा भंग झाला आहे काय, हे पाहण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक देखरेख समिती असावी, असे न्यायालयाने सांगितले. या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि चौथा महापौर किंवा ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. म्हणजे पहिल्या तीन खुर्च्या शासनाच्या. चौथी तेवढी शासनाच्या पगारपत्रकावर नसलेल्या आणि लोकांनी निवडून दिलेल्या माणसाची.

संभाजीनगरात त्या चौथ्या खुर्चीचे काय झाले? महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली होती. न्यायालयाचा आदेश आला तेव्हा शहराला महापौर नव्हता, आणि पुढेही पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेचीही मुदत संपली. तेथेही प्रशासक आला आणि तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. निवडणुका लांबल्याने रस्ते, पाणी आणि कचरा यांचे काय झाले, याची चर्चा गल्लोगल्ली झाली. संभाजीनगरात पाण्यापुढे दुसऱ्या कशाची चर्चा होणेही कठीण. पण निवडून आलेला माणूस नाहीसा झाल्यामुळे पोलीस ठाण्याचे चित्रण मागण्याचा अधिकार असलेला एकमेव बिगर-सरकारी माणूसही नाहीसा झाला, हे कोणाच्या ध्यानीही आले नाही. उरलेल्या तिघांनी तिघांचाच कारभार तपासायचा, अशी ही देखरेख होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली, यात नवल काय?

स्वतंत्र सदस्याची ही उपेक्षा जुनी आहे. आणीबाणीतील पोलिसी अत्याचारांच्या ताज्या जखमा घेऊन सत्तेवर आलेल्या जनता सरकारने नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. १९८१ पर्यंत आयोगाने आठ अहवाल दिले. तोवर सरकार बदलले होते आणि अहवाल फडताळात गेले. १९९६ मध्ये प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर प्राधिकरणे असावीत, त्यांचे सदस्य मानवी हक्क आयोग, लोकायुक्त वा लोकसेवा आयोग यांनी तयार केलेल्या यादीतून घ्यावेत, असे न्यायालयाने बजावले होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि आदेशाचा गाभा काढून घेतला. जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला. मराठवाड्याचे आठही जिल्हे एका प्राधिकरणाच्या कक्षेत गेले. किनवटच्या एखाद्या आदिवासी बाईला ठाण्यात मारहाण झाली, तर तिने मजुरी बुडवून, अख्खा दिवस एसटीत घालवून तक्रारीची सुनावणी गाठायची!

त्याच कायद्यात राज्य प्राधिकरणावर निवृत्त न्यायमूर्ती, निवृत्त पोलीस अधिकारी, निवृत्त सचिव आणि सेवेतील वरिष्ठ पोलीस अधिकारी यांच्याबरोबर एक ‘नागरी समाजातील प्रतिष्ठित व्यक्ती’ असावी, असे म्हटले आहे. तिची निवड शासनाची. प्रतिष्ठित म्हणजे कोणाच्या नजरेत? मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पोलीस निरीक्षकाच्या नजरेत कोण प्रतिष्ठित असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. गणेशोत्सव किंवा ईद जवळ आली की ठाण्याच्या आवारात शांतता समितीची बैठक भरते. तेथे पहिल्या रांगेत व्यापारी, संस्थाचालक, दोन्ही-तिन्ही समाजांचे पुढारी बसतात. निरीक्षक बोलतात, इतर माना डोलावतात, चहा होतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. आपल्या पक्षाचे कार्यकर्तेही त्या खुर्च्यांवर वर्षानुवर्षे बसत आले आहेत. हे कबूल केले पाहिजे. त्या बैठकांचा काही उपयोग नाही असे नव्हे. दंगलीच्या रात्री ओळखीचा चेहरा कामी येतो. परंतु शांतता समितीत पोलीस नागरिकांना समजावतात. तपासणी समितीत नागरिकाने पोलिसांना विचारायचे असते. पहिल्या खुर्चीची सवय झालेला माणूस दुसऱ्या खुर्चीवर बसला, तर तेथेही तो चहाचीच वाट पाहील.

मग त्या खुर्चीवरील माणसाने करायचे तरी काय? त्याला कायद्याची पदवी लागत नाही. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम इतक्या साध्या शब्दांत घालून दिले आहेत की चौथी शिकलेल्या माणसालाही ते ताडून पाहता येतील. अटकेचा कागद वेळ घालून, साक्षीदाराच्या सहीने केला आहे काय? नातेवाइकाला कळविल्याची नोंद स्टेशन डायरीत आहे काय? चौकशी करणाऱ्यांची नावे नोंदवहीत आहेत काय? कोठडीतील माणसाची दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी झाली आहे काय? नोंदवहीत अटक सायंकाळी सहाची असेल आणि कॅमेऱ्यात तोच माणूस सकाळी दहाला ठाण्यात बसलेला दिसत असेल, तर मधले आठ तास तो कोणाचा पाहुणा होता? हा एक प्रश्न विचारून उत्तर इतिवृत्तात लिहून घेणे, आणि उत्तर न मिळाल्यास तेही लिहून घेणे, एवढेच त्या सदस्याचे शस्त्र आहे. इतिवृत्तात न उतरलेला विरोध घरी जाऊन बायकोला सांगण्यापुरता असतो.

याच खटल्यात २०१५ मध्ये न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. तुरुंगांप्रमाणे पोलीस ठाण्यांनाही भेट देणारे अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार राज्यांनी करावा, असे त्याने सांगितले. विचार करावा म्हटले की आपली राज्ये किती काळ विचार करू शकतात, ते सांगायला नको. इंग्लंडमध्ये १९८१ च्या ब्रिक्स्टन दंगलीनंतर स्कारमन अहवालाने सामान्य नागरिकांना ठाण्यातील कोठड्या पाहू द्याव्यात, असे सुचविले. २००२ मध्ये त्या प्रथेला कायद्याचा आधार मिळाला. तेथे हे अभ्यागत जोडीने, वेळ न कळविता, रात्रीबेरात्रीही ठाण्यात जातात. इंग्रजांचा १८६१ चा पोलीस कायदा आपल्या देशाने दीडशे वर्षे सांभाळला. त्यांनी स्वतःसाठी नंतर केलेली ही सुधारणा मात्र कोणी उचलली नाही.

अशा तपासणीने पोलिसांचे मनोधैर्य खचते, हा आक्षेप ठरलेला. ज्या शिपायाची पाळी संपता संपत नाही, ज्याला सणाच्या दिवशी घर दिसत नाही, त्याच्या मनोधैर्याची चिंता हा आक्षेप घेणाऱ्यांनी कधी केली आहे? ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी बंड केले, तेव्हा त्यांची संघटनाच मोडून काढण्यात आली. त्यांचे गाऱ्हाणे ऐकणारी बाहेरची खुर्ची तेव्हाही नव्हती. ठाण्यात माणसे किती मंजूर, हजर किती, सलग किती तास कोण उभे होते, हेही स्वतंत्र सदस्याने हजेरीपटावरून विचारावे. थकलेल्या शिपायाचा हात लवकर उठतो, आणि तो उठला की बळी पडतो तो त्याच्याच वर्गातला.

मराठवाड्याला हे नवे नाही. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर गावोगावी दलित वस्त्या जळाल्या, तेव्हा कोठे पोलीस उशिरा पोहोचले आणि कोठे पोहोचलेच नाहीत, याच्या कहाण्या नामांतर आंदोलनातील वृद्ध कार्यकर्ते आजही सांगतात. त्यातील बहुतेक केवळ कहाण्याच राहिल्या, कारण त्या वेळी नोंदवही मागून पाहण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाच नव्हता. आज निदान आदेशाचा कागद तरी हातात आहे.

तेव्हा प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात एक अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा. प्रश्न चारच: २०२० च्या आदेशानुसार जिल्हा देखरेख समिती कधी स्थापन झाली, तिच्या आजवर किती बैठका झाल्या, चौथ्या खुर्चीवर प्रत्येक बैठकीला कोण बसले होते, आणि समितीने कोणत्या ठाण्याचे किती तासांचे चित्रण प्रत्यक्ष पाहिले. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील करावे. आणि जे उत्तर येईल ते गावातील नव्या-जुन्या नगरसेवकांना आणि जिल्हा परिषद सदस्यांना त्यांच्या दारी जाऊन वाचून दाखवावे.