तहकुबी सूचनेभोवतीचे कुंपण

ठरलेले कामकाज बाजूला सारून तातडीच्या प्रश्नावर सरकारला जाब विचारण्याचे लोकसभेतील साधन म्हणजे तहकुबी सूचना. नियमावलीतील ५६वा नियम ती मांडू देतो आणि पुढील नियम तिच्याभोवती कुंपण घालतात. विषय एकच हवा, नेमका हवा, नुकताच घडलेला हवा. तो न्यायप्रविष्ट नसावा, त्याच अधिवेशनात चर्चिलेला नसावा. अध्यक्षांची संमती मिळाल्यावरही कोणी हरकत घेतली, तर किमान ५० सदस्यांनी उभे राहावे लागते. संमती नाकारण्याची कारणे सभागृहाला सांगण्याचे बंधन मात्र अध्यक्षांवर नाही. येथेच कुंपण शेत खाऊ लागते.

परकीय अमलात मध्यवर्ती कायदेमंडळातील राष्ट्रवादी सदस्य हे हत्यार वारंवार उपसत, कारण तेव्हाचे सरकार त्यांना जबाबदार नव्हते. १९५० साली अध्यक्ष मावळंकरांनी अशी भूमिका घेतली की, आता सरकार सभागृहाला जबाबदार आहे, चर्चेचे अन्य मार्गही आहेत. सबब तहकुबी सूचना अपवादात्मकच असावी. युक्तिवाद वाजवी होता. पण अन्य मार्ग खरोखरच तिची जागा घेतील, या गृहीतकावर तो उभा होता. १९५३ मध्ये अल्पकालीन चर्चा आली, १९५४ मध्ये लक्षवेधी सूचना. दोहोंच्या अखेरीस मतदान नाही! तहकुबी सूचनेवर मतदान होते आणि ती संमत झाल्यास सरकारवर ठपका बसतो. सत्ताधाऱ्यांना चर्चेचे भय नसते, भय असते या मोजणीचे. १९६४ च्या पोटनिवडणुकीत मुंगेरहून लोकसभेत गेलेले मधु लिमये नियमांच्या आधारे सरकारला घाम फोडीत, ते हा भेद पुरता ओळखून.

राज्यसभेत तहकुबी सूचना नाही. तेथे २६७व्या नियमान्वये अन्य नियम स्थगित करून चर्चा मागावी लागते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीवर ती मान्य झाली. जुलै २०२३ मध्ये मणिपूरसाठी विरोधकांनी हाच नियम पुढे केला, तेव्हा सरकारने १७६व्या नियमाखालील अल्पकालीन चर्चेवर बोट ठेवले. लोकसभेत तर एका जळत्या राज्याविषयी पंतप्रधानांना बोलते करण्यासाठी संपूर्ण मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव आणावा लागला. त्याचा निकाल संख्याबळाने आधीच ठरलेला होता. मणिपूर ३ मे रोजी पेटले. अधिवेशन २० जुलैला सुरू झाले. पंतप्रधान लोकसभेत त्यावर बोलले, ते १० ऑगस्टला.