झोपताना एसी कोणाचा?

मे महिन्यात रात्री न्हावा-शेवाकडे रांगेत उभे असलेले ट्रक पाहा. कित्येकांचे इंजिन सुरूच असते आणि आत चालक झोपलेला असतो. २०२५ पासून नव्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण हा एसी सहसा इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद केले की गारवाही गेला. म्हणजे चालवताना थंडावा आणि झोपताना भट्टी!

इंजिन चालू ठेवले तर तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाते आणि त्याचा हिशेब मालक मागतो. शिवाय पुढच्या-मागच्या ट्रकचा धूर केबिनमध्ये शिरतो तो वेगळाच. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. सकाळी डोके जड झाले की चालक ‘उष्णता झाली’ म्हणतो आणि चहा घेऊन स्टेअरिंगवर बसतो.

बॅटरीवर चालणारे पार्किंग एसी बाजारात मिळतात. ते मालकाने बसवून द्यावेत, चालकाच्या पगारातून नव्हे. तोवर गाडी रांगेपासून लांब लावावी, इंजिन बंद करावे आणि खिडकीला डासांची जाळी लावावी. अर्धवट झोपलेला हाच माणूस पहाटे घाट उतरतो, तेव्हा समोरून आपली एसटी येत असते.