मुख्यालयी राहणाऱ्या भगिनी

जिल्हा परिषदेच्या सभेत वर्षानुवर्षं एक तक्रार ठरलेली असते: कर्मचारी मुख्यालयी राहत नाहीत. घरभाडं भत्ता उचलतात, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडतात आणि रोज तालुक्याहून, शेगावहून, अकोटहून अप-डाऊन करतात. सोनाळ्यासारख्या गावाला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. मागे अंबाबरव्याचं अभयारण्य, त्यापलीकडे मेळघाट, डोंगरात कोरकू, भिलाला, निहाल यांच्या वस्त्या. अशा मुलखात ताप चढतो तो बहुधा रात्री, आणि रात्री जवळ कोण आहे यावर पुढचं बरंच काही ठरतं.

महामारीचा इतिहास आपण सहसा लशींचा, कायद्यांचा आणि मृतांच्या आकड्यांचा म्हणून वाचतो. रुग्णाच्या उशाशी कोण राहिलं, असं विचारत तोच इतिहास वाचला तर काही वेगळी माणसं पुढे येतात. कॅथलिक धर्मभगिनी त्यांत ठळक आहेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल, त्यागाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एका छपराखाली, एका पंगतीला, ठरलेल्या पाळ्या वाटून घेत त्या राहिल्या, ही त्यांची व्यवस्था मात्र गौरवग्रंथांत कुठेतरी कोपऱ्यात असते. माझ्या मते त्यांच्याकडून शिकण्यासारखं जे आहे ते तिथंच आहे.

नुसतं एकत्र राहिल्यानं सेवा होत नाही, याचा पुरावा आपल्या शेजारीच, जुन्या गोव्यात उभा आहे. आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये तिथं सांता मोनिकाचा मठ सुरू केला. आशियातला स्त्रियांचा हा पहिला मोठा ख्रिस्ती मठ. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये घातलेल्या नियमानुसार तिथल्या स्त्रिया बंदिस्त होत्या, उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. पुढे पटकी आणि हिवतापानं ते शहर पोखरलं. व्हाइसरॉय १६९५ मध्ये पणेलीला गेला, १८४३ मध्ये राजधानीच पणजीला गेली, रस्त्यांवर झाडी माजली. मठातल्या स्त्रिया तिथंच राहिल्या. पोर्तुगालनं १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त केले तेव्हा स्त्रियांच्या मठांना शेवटची भगिनी असेपर्यंत मुदत मिळाली. सांता मोनिकातली ती शेवटची भगिनी १८८५ मध्ये वारली. जवळजवळ पावणेतीनशे वर्षांचा अखंड मुक्काम, पण मधल्या भिंतीमुळे बाहेरच्या आजारी शहराला त्याचा उपयोग फारसा झाला नाही.

ती भिंत हळूहळू उतरत गेली. फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईस द मारियाक यांनी १६३३ मध्ये उभ्या केलेल्या संघातल्या मुली गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करू लागल्या. बंदिस्तीचा नियम टाळण्यासाठी त्यांनी वर्षावर्षाची साधी व्रतं घेतली आणि स्वतःला मठवासिनी म्हणवून घेणंही टाळलं. एकोणिसाव्या शतकात असे संघ युरोपभर निघाले. तरी रोमनं त्यांच्या जीवनपद्धतीला पूर्ण धर्मजीवन म्हणून मान्यता दिली ती लिओ तेरावे यांच्या डिसेंबर १९०० च्या आदेशानं. म्हणजे मुंबईत प्लेगच्या खाटांशेजारी भगिनी उभ्या होत्या, तेव्हा त्यांच्याच धर्मपीठाच्या दफ्तरात त्यांची नोंद अर्धवट होती. काम आधी झालं आणि कागद मागून आला. सरकारी खात्यांत हे उलटं असतं, एवढाच फरक.

मुंबईची ती साथ इथं जरा थांबून पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला. पुढच्या पाच-सहा महिन्यांत जवळजवळ अर्धी मुंबई गावाकडे पळाली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथं नेलेला माणूस परत येत नाही अशी खात्री पसरली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. त्यानं सरकारला घरात घुसण्याचा, माणूस उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार दिला. नेलेल्या माणसाला रात्री पाणी कोण पाजणार, यावर त्या चार कलमी कायद्यात एक अक्षर नव्हतं. लोकांनी आपापल्या जातीची, पंथाची तात्पुरती रुग्णालयं काढली ती याच पोटी: मरायचं तर ओळखीच्या माणसांत.

वांद्र्याच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमधल्या डॉटर्स ऑफ द क्रॉस संघाच्या भगिनी या काळात प्लेगच्या रुग्णालयांत शुश्रूषेला गेल्या. बेल्जियममधल्या लिएज शहरात १८३३ मध्ये निघालेला हा संघ १८६२ मध्ये कराचीला आला आणि तिथून मुंबईला. त्यांचं नेहमीचं काम शाळा आणि अनाथालयं. त्यांना हे कसं जमलं? त्या काळच्या एकत्र कुटुंबातली सून प्लेगच्या वॉर्डात गेली असती, तर परत उंबऱ्याच्या आत आली नसती. परिचारिकेचं काम हलकं मानलं जाई, त्यात विटाळाची धास्ती, त्यात पोराबाळांची काळजी. भगिनींचं घर मात्र या कामासाठीच मांडलेलं होतं. काहींनी वॉर्डात जायचं, काहींनी विसावा घ्यायचा, कुणी स्वयंपाक पाहायचा. जी आजारी पडेल तिची शुश्रूषा रोज शेजारी जेवणाऱ्या बायकाच करणार, याची शंका कुणाला नव्हती. धैर्य मुंबईत पुष्कळांकडे होतं, पण धैर्यानं बाहेर पडलेल्या बाईला परत घ्यायला तयार असलेलं घर फार थोड्यांकडे होतं.

याची दुसरी बाजू लपवायचं कारण नाही. या भगिनी गोऱ्या सरकारच्या रुग्णालयात होत्या, आणि दारं फोडत फिरणारे गोरे सोल्जर लोकांनी त्याच काळात पाहिले होते. मरणाच्या दारातल्या माणसाला बाप्तिस्मा दिल्याच्या नोंदी त्या काळचे मिशनरी अहवाल अभिमानानं देत. संशय हवेतून आलेला नव्हता. सेवेमागच्या हेतूची चौकशी करण्याचा हक्क रुग्णाला असतो, आणि तो आजही आहे.

म्हणून त्याच महिन्यांतलं पुणंही पाहायला हवं. हडपसरजवळच्या माळावर दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्ण आणवत होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगनं गेल्या. पाठीवरचं ते मूल आपल्याला पाठ आहे. त्यामागचं घर आपण विसरतो. १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह, दुष्काळातली अन्नछत्रं, घरात वाढलेली परकी मुलं, अशी तीस-पस्तीस वर्षं दार उघडं ठेवून राहिलेली ती बाई होती. प्लेग आला तेव्हा तिला नवं काही सुरू करावं लागलं नाही. व्रत वेगळं, देव वेगळा, पण राहण्याची रीत वांद्र्याच्या भगिनींच्या रीतीला फार जवळची.

वऱ्हाडाकडे यातलं फार थोडं पोचलं. १८९९-१९०० चा दुष्काळ, मग प्लेग, आणि गावंच्या गावं उठून शिवारात झोपड्यांत राहायला जाणं, एवढं जुन्यांच्या सांगण्यात होतं. १८८७ मध्ये झालेला नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत, त्याचे फ्रान्समधल्या आनसीहून आलेले मिशनरी आणि त्यांच्या जोडीच्या भगिनी यांचं बळ नागपूर-कामठीकडे होतं. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आली तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याला ना मठ होता ना इस्पितळ. जूनमध्ये मुंबईत उतरलेला तो ताप पावसाळ्यानंतर दुसऱ्यांदा उसळला. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं मेली. रेल्वेनं तो मलकापूर, नांदुरा, शेगावला आला आणि बैलगाडीनं पुढे गेला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त मृत्यू झालेल्या प्रदेशांपैकी एक ठरला. त्या आजारावर औषध नव्हतंच. पाणी, पेज, पांघरूण आणि कूस बदलून देणारा हात एवढाच उपचार होता. पण अख्खं घर एकाच वेळी अंथरुणाला खिळलं की तो हात कुठून यायचा? मानमोडीत माणसं विषाणूनं मेली तशी तहानेनंही मेली.

पुढच्या काळात भगिनींची सेवा डॉक्टरी वळणावर गेली, तीही चर्चच्या विरोधाशी झगडत. सुईणपण आणि शस्त्रक्रिया धर्मभगिनींना १९३६ पर्यंत निषिद्ध होत्या. ऑस्ट्रेलियातून १९२० मध्ये गुंटूरला आलेल्या डॉ. मेरी ग्लोरी यांनी पोपची खास परवानगी काढून वैद्यकी केली, आणि १९४३ मध्ये त्यांनी उभ्या केलेल्या संघटनेतूनच आजची कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया झाली. २०२० च्या वसंतात याच संघटनेनं हजारावर रुग्णालयं आणि साठ हजार खाटा सरकारपुढे ठेवल्या.

आता एकत्र राहण्याची किंमत. काँगोमधल्या किकविट शहरात १९९५ च्या एप्रिल-मे महिन्यांत इबोलानं सहा इटालियन भगिनी घेतल्या. पहिली आजारी पडली तेव्हा तिची शुश्रूषा इतर जणींनी केली, आणि मग त्याही एकेक करून गेल्या. त्यांचा संघ बेर्गामोचा. १८६९ मध्ये तिथल्या लुइजी पालाझोलो यांनी गरिबांसाठी काढलेला. त्याच बेर्गामोतून पंचवीस वर्षांनी लष्करी ट्रकांत भरून शवपेट्या निघाल्या आणि कोविड म्हणजे काय ते जगाला कळलं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या लिव्होनियाच्या फेलिशियन मठात १० एप्रिल २०२० च्या गुड फ्रायडेपासून महिनाभरात बारा वृद्ध भगिनी गेल्या, जूनमध्ये तेरावी. आयुष्यभर एकत्र जेवलेल्या, एकत्र प्रार्थना केलेल्या बायका. त्यांच्या अंत्यविधीला बाकीच्यांना नीट जमताही आलं नाही. भारतात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत शेकडो धर्मगुरू आणि धर्मभगिनी दगावल्या. ज्या पंगतीनं त्यांना वॉर्डात जाण्याचं बळ दिलं, त्याच पंगतीतून आजार आत आला. यातून सुटका नव्हती. वृद्ध भगिनींना वेळेत वेगळं ठेवणं हे संघांच्या प्रमुखांचं काम होतं, आणि जिथं उशीर झाला तिथं ‘देवाची इच्छा’ म्हणून विषय मिटवणं मला पटत नाही.

बुलढाण्यात कोविडचा पहिला मृत्यू मार्च २०२० अखेर झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट राज्यात प्रथम जाणवली ती अमरावती-अचलपूरकडे, म्हणजे सोनाळ्याच्या शेजारात. लागू होता तो १८९७ चाच कायदा. गावात घरोघर फिरली ती आशाताई. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची नोंदवही, तापमापक, ऑक्सिमीटर तिच्याच पिशवीत. मुख्यालयी राहा असं तिला सांगावं लागत नाही, ती त्याच गावची लेक किंवा सून. पण दिवसभर संशयित रुग्णांच्या दारात उभं राहून संध्याकाळी ती दोन खोल्यांच्या घरात परतत होती, जिथं सासू दम्याची आणि पोरं लहान. दोन मजली कॉन्व्हेंटात वरचा मजला वेगळा काढता येतो. तिनं काय वेगळं काढायचं, ओसरी? मुंबईत डॉक्टरांसाठी ताज समूहानं हॉटेलच्या खोल्या उघडल्या, ते योग्यच झालं. खेड्यातल्या आशाताईसाठी शाळेची एखादी खोलीही क्वचितच उघडली. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या आणि आठवडाभरानं महिना दीड हजारांची वाढ घेऊन परतल्या. राहण्याचा प्रश्न तिथल्या तिथं राहिला.

आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बायकांच्या बिनपगारी कष्टांवर सरकारनं आरोग्यसेवा बेतावी, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. शिवाय केरळातून, वसईतून संघांत येणाऱ्या मुलींची संख्याही घटते आहे. व्रताखेरीज उचलता येईल अशी गोष्ट भगिनींकडे एकच आहे, ती म्हणजे राहण्याची सोय. साथ जाहीर होताच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातली रिकामी, बहुधा कुलूपबंद निवासस्थानं आशाताई, आरोग्यसेविका आणि गटप्रवर्तक यांच्यासाठी एकत्र मुक्कामाची घरं व्हावीत. सक्तीनं नव्हे, जिला हवं तिच्यासाठी. खोल्या चार-सहा लागतील, एक चालतं स्वयंपाकघर, पाळी बदलायला दुसऱ्या गावची जोडीदारीण, आजारी पडलीच तर तिच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेली खाट, आणि तेवढे दिवस तिच्या घरची चूल पेटती राहील इतका भत्ता. बुलढाण्याच्या जिल्हा नियोजन समितीला हे परवडण्यासारखं आहे.