फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर धावायचं कुठं?

प्रति,
आयुक्त, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, एमआयडीसीचे अधिकारी, चाकण, महाळुंगे, भोसरी, तळवडे भागातल्या कारखान्यांचे व्यवस्थापक, आणि हिवाळा आला की मॅरेथॉन भरवणारे सगळे आयोजक



रॉबर्टा ग्रोनर हे नाव आपण ऐकलं असेल असं वाटत नाही. अमेरिकेतही ते फार जणांना ठाऊक नव्हतं. न्यू जर्सीत पूर्णवेळ नर्सची नोकरी, घरी तीन मुलगे. कॉलेजात असताना ती धावायची, मग जवळपास दहा वर्षं बूट कपाटात गेले ते तिशीत बाहेर निघाले. पहिल्या मॅरेथॉनला तिला तीन तासांहून जास्त वेळ लागला होता. २०१९ मध्ये दोहाला जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन झाली. उकाड्यामुळं ती शर्यत रात्री बाराला एक मिनिट कमी असताना सोडली, तरी पारा तिशीच्या वरच होता. ६८ जणी रेषेवर उभ्या राहिल्या आणि त्यातल्या २८ जणींनी वाटेतच शर्यत सोडली. ४१ वर्षांची रॉबर्टा सहावी आली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉटरडॅमला तिनं दोन तास २९ मिनिटं ९ सेकंद अशी वेळ दिली होती. आपल्याकडं ओ. पी. जैशानं २०१५ साली बीजिंगला राष्ट्रीय विक्रम केला तो दोन तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांचा, आणि पुढची दहा वर्षं तो एकाही भारतीय बाईला मोडता आला नाही. म्हणजे तीन पोरांची, नोकरी करणारी आई आपल्या राष्ट्रीय विक्रमाच्या साडेपाच मिनिटं पुढं. मूळची आयर्लंडची आणि मेलबर्नला आयटीत नोकरी करणारी सिनेड डायव्हर तर पहिलं मूल झाल्यावर, तेहतिसाव्या वर्षी धावायला लागली. चव्वेचाळीसाव्या वर्षी ती ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये दहावी आली आणि पंचेचाळीसाव्या वर्षी, व्हॅलेन्सियात, दोन तास २१ मिनिटं ३४ सेकंदांत ऑस्ट्रेलियाचा विक्रम तिच्या नावावर लागला.

हे वाचून आपण म्हणाल, त्यांचं वेगळं, आपलं वेगळं. मान्य. पण वेगळं नेमकं काय आहे, ते जरा बघू या. रात्री बाराला कामाला लागणं चाकणच्या बायकांना नवं नाही. आठ तास उभं राहणंही नाही.

आपल्याकडं अशी आई झालीच नाही असंही नाही. लता भगवान करे. मूळची बुलढाण्याची, बारामतीजवळ पिंपळीत शेतमजुरी करणारी, साठी ओलांडलेली बाई. २०१३ साली नवऱ्याच्या एमआरआयसाठी पैसे हवे होते म्हणून ती बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात उतरली. अंगात नऊवारी, पायात काही नाही. पहिली आली. पुढच्या वर्षी पुन्हा पहिली आली, २०१६ लाही आली. तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात तिनं स्वतःची भूमिका स्वतःच केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

लताबाईंची गोष्ट आपण सगळ्यांनी भाषणांत वापरली. जिद्द असली की काहीही होतं, वगैरे. मला ती गोष्ट उलटी दिसते. साठीनंतर, सराव नसताना, अनवाणी जी बाई जिंकते, ती पंचविशीत काय पळाली असती? तेव्हा ती कुणाच्या तरी रानात खुरपत होती आणि पोरं वाढवत होती. चाळीस वर्षं तिच्या पायांकडं कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते एमआरआयच्या बिलामुळं. ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटायला हवी, तिचं आपण पोस्टर केलं.

सराव न करता मोठी धावपटू होत नाही, हे आयोजकांना मी सांगायला नको. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली, मग रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय बाई ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत दिसली. ललिताला नोकरी होती रेल्वेची. सावरपाड्याची कविता राऊत, जिनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, तिला ओएनजीसीची. अशा नोकऱ्यांत खेळाडूला सरावासाठी वेळ मिळतो, स्पर्धेसाठी रजा मिळते आणि पगार चालू राहतो. जिद्द दोघींकडं होतीच. पण घड्याळ मोकळं करून देणारा मालकही होता. चाकणच्या बाईकडं त्यातलं फक्त पहिलं आहे.

आमच्या इमारतीत एक जण आहे. वायर हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर आहे, दोन मुलं आहेत. दिवसभर बोर्डासमोर उभं राहून रंगीत तारा क्लिपमध्ये बसवायच्या, टेप गुंडाळायची, टार्गेट पुरं करायचं. फर्स्ट शिफ्टची बस तिला पहाटे पाचच्या आत स्पाइन रोडला पकडावी लागते. तिला धावायचा नाद आहे. शाळेत असताना जिल्ह्याला गेली होती म्हणे. आता तिचं वेळापत्रक पाण्यावर ठरतं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून आपल्या शहराला एक दिवसाआड पाणी आहे. पाण्याचा दिवस असला की भांडी, पिंप, धुणं, धावणं नाही. पाणी नसलेल्या दिवशी, शिफ्ट सेकंड असेल तर, मुलांना शाळेत सोडून ती सर्व्हिस रोडनं निघते. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, पायात बाजारात मिळणारे साधे बूट, टाचेला चिकटपट्टी. ती जवळून गेली की पावलांचा आवाजसुद्धा फारसा येत नाही. ती किती वेगानं धावते ते मी सांगू शकत नाही. तिलाही ठाऊक नाही. कुणी कधी मोजलेलंच नाही.

साहेब, माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती तुम्हा चौघांकडं वाटून द्यायची आहे.

आयुक्त साहेब, आपल्या शहरात ट्रॅक नाही असं मी म्हणणार नाही. भोसरीच्या इंद्रायणीनगरात संत ज्ञानेश्वर क्रीडासंकुलात चांगला सिंथेटिक ट्रॅक आहे. पण कुठल्याही मैदानाच्या वेळा ठरवताना आपल्या डोळ्यांसमोर जनरल शिफ्टचा माणूस असतो: सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. पहिल्या वेळेत फर्स्ट शिफ्टची बाई लाइनवर असते, दुसऱ्या वेळेत सेकंड शिफ्टची. कारखान्यांच्या जोरावर वाढलेल्या शहराची मैदानं तरी शिफ्टच्या हिशोबानं चालायला हवीत. सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच हे दोन पट्टे कामगार महिलांसाठी राखून ठेवा. एक महिला प्रशिक्षक नेमा. मुलं सोबत आणली तर त्यांना बसायला सावलीची जागा द्या. याला नवं बांधकाम लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

आधी रस्ते आणि पाणी द्या, मग मॅरेथॉन, असं कुणी म्हणेल. त्यात भांडण काही नाही. उजेड असलेला पदपथ, रोजचं पाणी आणि धावायची सोय या एकाच बाईच्या तीन गरजा आहेत.

एमआयडीसीच्या अधिकाऱ्यांनी एकदा संध्याकाळी तळेगाव-चाकण रस्त्यानं पायी चालून बघावं. गाडीतून नको. एका बाजूला कंटेनरची रांग, दुसऱ्या बाजूला खडी आणि गटार, मधे दुचाकीवाले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरींना धावायचं असेल तर याच रस्त्याला यावं लागतं, म्हणून त्या धावत नाहीत. उद्योगांसाठी भूखंड आखताना ट्रक टर्मिनलला जागा सोडतात, सबस्टेशनला सोडतात. चारशे मीटर मातीच्या ट्रॅकला फार जागा लागत नाही. सिंथेटिक नको, मातीचा द्या. गुडघ्यांना तोच बरा.

आता कारखानदार. तुमच्याकडं बायका काय करू शकतात हे मी तुम्हाला सांगावं अशी स्थिती नाही. टाटा मोटर्सच्या इथल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी बांधणारी सगळी लाइन बायकांची आहे. याच कंपनीनं, तेव्हाच्या टेल्कोनं, १९७४ साली इंजिनिअरच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं जेआरडी टाटांना त्याबद्दल पोस्टकार्ड टाकलं, आणि टेल्कोला पहिली महिला इंजिनिअर मिळाली. पुढं त्या सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना ठाऊक झाल्या. पोस्टकार्ड म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येणारं पत्र, तेव्हा मी काही नवी प्रथा पाडत नाहीये.

तुमच्याकडून पहिली अपेक्षा कायद्याचीच आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता यायला हवं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत ही तरतूद आली आणि नव्या श्रमसंहितेतही आहे. कंत्राटावरच्या आईचं मूलही मूलच असतं, तेव्हा ठेकेदाराकडं बोट दाखवू नका. हे सीएसआरमध्येही धरू नका. तो खर्च तुमचाच आहे. सीएसआरचे पैसे दुसरीकडं लावा. नफ्याच्या त्या दोन टक्क्यांतून ऑलिंपिकमधल्या आणि ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला खर्च करायला कंपनी कायद्यानंच मुभा दिली आहे. दरवर्षी टी-शर्टवर लोगो छापण्यापेक्षा दोन गावांत मिळून एक प्रशिक्षक पाच वर्षं पोसा. आणि एखादी बाई खरंच वेगवान निघाली, तर तिची शिफ्ट सहा महिने पक्की ठेवा. दर आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टमध्ये झोपेचंच गणित बसत नाही, तिथं सरावाचं काय बसणार? रेल्वेनं ललितासाठी जे केलं त्याच्या शंभराव्या हिश्श्याचीही ही मागणी नाही.

जाता जाता कामगार कल्याण मंडळाचंही नाव घेते. जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकावर त्या निधीची कपात असते, बायकांच्याही. मंडळ कबड्डीच्या आणि नाटकांच्या स्पर्धा भरवतं, ते छानच आहे. त्यात बायकांची पाच आणि दहा किलोमीटरची धाव घाला.

आयोजक मंडळी, सगळ्यात जास्त राग मला तुमच्यावर आहे, कारण सगळ्यात सोपं काम तुमचं आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून धावते आहे. आमची महापालिका तिच्याहून एका वर्षानं मोठी. इतक्या वर्षांत शर्यती गल्लोगल्ली झाल्या. पण बाई म्हटली की तिच्यासाठी तीन किलोमीटरची गुलाबी टी-शर्टवाली धाव, ढोलताशा, सेल्फी पॉइंट. वेळ मोजायची चिप मिळते ती वरच्या अंतरांना, आणि तिथली फी तिच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतकी. लंडन मॅरेथॉनमध्ये गरोदर बाईला आपला नंबर पुढच्या शर्यतीसाठी राखून ठेवता येतो. आपल्याकडं तो प्रश्न कुणी विचारल्याचंही मला आठवत नाही. मला हवी आहे एक साधी गोष्ट: कामगार महिलांसाठी दहा किलोमीटर, फी नाही, चिप आहे, निकाल सेकंदासकट छापलेला, आणि शर्यत रविवारी. बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते हे मला ठाऊक आहे. तेवढ्या रविवारी बदली रजा द्यायचं काम कारखानदार मंडळींचं. पहिल्या दहा जणींची नावं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं पाठवा. पुढं काय करायचं ते त्यांना कळतं.

यातून लगेच जागतिक स्पर्धेतली सहावी निघेल असं मी म्हणत नाही. कदाचित दहा वर्षांत एकही निघणार नाही. पण या पट्ट्यात हजारो बायका रोज आठ तास उभ्या राहतात, जिने चढतात, पाण्याचे हंडे उचलतात, अर्ध्या झोपेत बस पकडतात, आणि त्यांच्यातली सर्वांत वेगवान कोण हे आपल्यापैकी एकालाही सांगता येत नाही. एवढं तरी पुढच्या हिवाळ्यापर्यंत कळायला हवं.

मैदानाच्या फाटकावर नव्या वेळा लागल्या, शर्यतीची तारीख ठरली, की आमच्या भागात फलक लावा. चिखलीत, मोशीत, चाकणच्या आंबेठाण चौकात, जिथं कंपन्यांच्या बस थांबतात तिथं. फेसबुकवर नको. पहाटे पावणेपाचला बसची वाट बघत उभं असताना वाचायला त्यांना वेळ असतो.

कळावे,
चिखलीतली एक रहिवासी