घोड्याच्या बोलीत चाऱ्याचं पोतंही हवं

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातलं हे गाव एकमुखी दत्ताच्या मंदिरासाठी जितकं प्रसिद्ध, तितकंच घोडेबाजारासाठी. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून मारवाडी, काठेवाडी, नुकरा घोडे इथे येतात. कोणत्या घोड्याला किती लाखांची मागणी आली, कोणाची उंची किती, कोणती घोडी नाचली, हे सगळं वर्तमानपत्रांत फोटोसह छापून येतं. तो घोडा इथवर आला कसा आणि विकला गेल्यावर पुढे जाणार कसा, याची विचारपूस मात्र फारशी होत नाही.

हे बाजार एकापाठोपाठ एक लागतात. कार्तिकी पौर्णिमेला पुष्कर, महिन्याभराने सारंगखेडा, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव, खंडोबाचं. पुष्करहून सारंगखेड्याला यायचं तर सातशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे. एवढं अंतर घोडा ट्रकमध्ये उभ्याने काटतो.

उभं राहणं हेच इथे काम असतं. गाडी वळली, ब्रेक लागला, खड्डा आला की घोडा चारही पाय रोवून तोल सावरतो. शरीराचा साधारण साठ टक्के भार मुळातच त्याच्या पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे प्रत्येक ब्रेकचा ताण तिथे बसतो. आठ तासांचा प्रवास माणसासाठी कंटाळा असेल, घोड्यासाठी ती आठ तासांची मेहनत आहे. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वर येण्याची सोयच नसल्यामुळे पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. पाणी कमी पडणं आणि खाणं अचानक बदलणं ही पोटशूळाची दोन मोठी कारणं, आणि प्रवासात ती दोन्ही एकदमच येतात.

सराईत व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं. त्याच्या ट्रकमध्ये चाऱ्याच्या पेंढ्या असतात, पाण्याचे कॅन असतात, चंदीचं पोतं आणि तोबरे असतात, आणि मोतद्दार घोड्यांसोबत मागेच बसतो. खरी हेळसांड परतीच्या वाटेवर होते. हौसेने घोडा घ्यायला आलेल्या माणसाचा व्यवहार संध्याकाळी पुरा होतो, रात्री भाड्याची पिकअप ठरते आणि घोडा एका दाव्यानिशी तिच्यात चढवला जातो. साजाची दुकानं बाजारातच थाटलेली असतात, त्यामुळे झूल, घुंगरांची माळ, रंगीत गोंडे, नवा लगाम यांची खरेदी भरपूर झालेली असते. मिरवण्याचं सगळं गाडीत असतं. खाण्यापिण्याचं काहीच नसतं.

म्हणून एक रीत पडायला हवी. घोड्याची बोली ठरते तेव्हाच त्याच्या सवयीचा आठवड्याचा चारा आणि चंदी त्या किमतीत धरावी, आणि ती गाडीत चढल्याशिवाय विकणाऱ्याने दावं हातातून सोडू नये. हिशोब अवघड नाही. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे आठवड्याचा झाला पन्नास किलोच्या आसपास. घोड्यासाठी लाखाच्या पटीत पैसे मोजणाऱ्याला हे ओझं जड नाही. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा पचवणारे सूक्ष्मजीव असतात आणि ते रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. काल हरभऱ्याचा भुसा, आज एकदम ओली लसूणघास आणि वर पाहुणचार म्हणून परातभर चंदी, असं झालं की ते सगळं बिघडतं. जुना चारा हाताशी असेल तर नवा त्यात थोडा-थोडा मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करता येतो. चंदी तर निघण्याआधी आणि वाटेत कमीच ठेवावी. प्रवासात घोड्याला लागतो तो कोरडा चारा, आणि तो चघळत राहण्याची मुभा.

पाण्याचं त्याहून नाजूक आहे. घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात आणखी जास्त. पण ओळखीचा वास-चव नसलेल्या पाण्याला तो सहज तोंड लावत नाही. ढाब्यावरच्या हौदाचं पाणी स्वच्छ असलं तरी क्लोरीनचा किंवा क्षारांचा वास आला की तो बादली हुंगतो आणि मान वळवतो. ड्रायव्हर म्हणतो, तहान नसेल. तहान असते. दर घोड्यामागे वीस लिटरचे दोन-तीन कॅन घरच्या पाण्याने भरून घेणं हाच खात्रीचा उपाय. आणखी एक युक्ती आहे. निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्यायचा आणि वाटेतल्या पाण्यातही तोच, तेवढाच घालायचा. चवीची सवय झालेली असली की परक्या पाण्याला घोडा नाकारत नाही. बादलीही घरचीच घ्यावी. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून, इंजिन बंद करून पाणी दाखवायचं, आणि पहिल्यांदा नाही प्यायला तर दहा मिनिटांनी पुन्हा दाखवायचं.

या थांब्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. घोडा नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही. चरताना त्याची मान दिवसभर खाली असते, त्यामुळे श्वासनलिकेत साचलेली धूळ आणि चिकटा आपोआप बाहेर वाहून येतो. गाडीत मात्र त्याने उडी मारू नये म्हणून मान उंच आणि आखूड बांधतात. तास उलटत जातात तशी नाकाघशातली घाण आणि जंतू फुफ्फुसाकडे उतरू लागतात. प्रवासानंतर एक-दोन दिवसांनी घोडा तापतो, खाणं सोडतो, खोकू लागतो आणि कधी कधी छातीत पाणी होतं. इंग्रजीत त्याला शिपिंग फीवर म्हणतात. आपल्याकडे बऱ्याचदा 'हवा मानवली नाही' म्हणून विषय मिटवतात. हवेचा यात दोष नसतो. थांब्यावर पंधरा-वीस मिनिटं दावं सैल करून मान जमिनीपर्यंत नेऊ दिली आणि चारा पाण्याने ओला करून जाळीत भरला, म्हणजे धूळ उडत नाही, तरी हा धोका पुष्कळ कमी होतो.

चाऱ्याच्या जाळीसाठीही बेत लागतो. रिकामी झाल्यावर ती लोंबते आणि खूर तिच्यात अडकला तर घोडा स्वतःला फाडून घेतो. म्हणून ती छातीच्या वर बांधावी. दावं बांधण्याची पद्धत तर प्रत्येकाने हाताने करून पाहावी अशी आहे. दावं थेट लोखंडी कडीला बांधत नाहीत. आधी कडीत सुतळीचा एक फास ओवतात आणि दावं त्या फासाला बांधतात, एका झटक्यात सुटणाऱ्या गाठीने: दाव्याचा पेच करून त्यातून दावं दुमडून ओढायचं आणि मोकळं टोक हाताला येईल असं ठेवायचं. घोडा बिथरून मागे रेटू लागला तर माणूस टोक ओढतो आणि गाठ उलगडते. माणूस पोहोचला नाही तर सुतळी तुटते. नायलॉनची म्होरकी आणि लोखंडी कडी यांतलं काहीच तुटत नाही, मग तुटते ती मान. खिशात धारदार चाकू असावा तो याचसाठी.

औषधांच्या पेटीत मोजक्याच वस्तू लागतात: जखम धुवायला सलाईन, पोविडोन आयोडीन, कापसाचे मोठे रोल, रुंद बँडेज, कात्री, बॅटरी, नालाचा सैल खिळा काढायला पकड, ओळखीच्या पशुवैद्यकाचा फोन नंबर. आणि थर्मामीटर, ज्याच्या टोकाला दोरी बांधलेली आहे असा. शांत घोड्याचा ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतो. हिरडीवर अंगठा दाबून उचलला तर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. तीन-चार सेकंद लागले, हिरडी चिकट लागली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. कुशीला कान लावला तर आतड्याची गुरगुर ऐकू यायला हवी. ती बंद पडली असेल तर पुढच्या गावाची वाट न पाहता डॉक्टरला फोन करावा. वेदनाशामक इंजेक्शनं स्वतःच्या मनाने टोचू नयेत, कारण त्यांनी पोटशूळाची लक्षणं झाकली जातात. गुंगीचं औषध तर त्याहून वाईट. गुंगलेला घोडा हलत्या गाडीत तोल कसा राखणार?

झुलीबद्दल थोडं. डिसेंबरात खानदेशात रात्री थंडी पडते आणि उघड्या ट्रकमध्ये घामेजलेल्या घोड्याला वारा बाधतो, तेव्हा साधी सुती झूल कामाची. बंदिस्त गाडीत मात्र घोडे स्वतःच्या अंगाची इतकी उष्णता सोडतात की जाड झुलीखाली ते घामाने भिजतात. पायांना पट्ट्या बांधायच्या तर ज्याला येतात त्यानेच बांधाव्यात. आवळलेली पट्टी स्नायुबंधाला इजा करते आणि सुटलेली पायात येते. घुंगरं आणि गोंडे पेटीत राहू द्यावेत.

हे सगळं महाराष्ट्रात कुणाला जमत नाही असं मुळीच नाही. शर्यतीच्या घोड्यांचं पाहावं. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात आणि मुंबईचा हिवाळ्यात, त्यामुळे महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सदरम्यान घोड्यांची दरवर्षी ने-आण होते. गादी लावलेले कप्पे, घसरणार नाही अशी जमीन, चढ-उतारासाठी उतरती फळी आणि सोबत घोड्याच्या ओळखीचा सईस, ही तिथली नेहमीची व्यवस्था आहे. १८३६ साली इंग्लंडमध्ये इलिस नावाच्या घोड्याला चालवत न नेता घोड्यांनीच ओढलेल्या बंद गाडीतून डॉनकास्टरला नेलं. तो ताजातवाना पोहोचला आणि सेंट लेजर जिंकला. घोड्याला गाडीत घालण्यामागचा मूळ हेतू हा असा होता. लग्नाच्या वरातीतली घोडी किंवा सारंगखेड्याचं शिंगरू त्या हेतूला कमी पात्र का ठरावं?

कायदाही आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९७८ साली प्राणी वाहतुकीचे नियम झाले आणि त्यात घोडे, खेचरं, गाढवं यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, प्रवासभर पुरेल इतका चारा, पाण्याची सोय आणि प्रथमोपचाराचं साहित्य सोबत असणं त्यात बंधनकारक आहे. साध्या मालवाहू ट्रकमध्ये घसरू न देणारी जमीन, दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम आडव्या दांड्या, समोरून येणाऱ्या गाड्यांनी बुजू नये म्हणून तोंड डावीकडे, एका गाडीत चार ते सहाच घोडे, सोबत एक माणूस आणि वेग ताशी पस्तीस किलोमीटरपर्यंत, इतकं बारकाईने लिहिलेलं आहे. या वेगाने पुष्कर ते सारंगखेडा नुसतं गाडी चालवायलाच वीस तास लागतात. मग मधला मुक्काम अटळ आहे, आणि तो पेट्रोल पंपाच्या फरशीवर होणार की घोडे उतरवता येतील अशा जागी, हा प्रशासनाचा प्रश्न आहे. युरोपीय संघाच्या नियमांत घोड्यांना दर आठ तासांनी पाणी देणं सक्तीचं आहे आणि सलग प्रवासाला चोवीस तासांची मर्यादा आहे. यात्रांच्या काळात सीमेवरच्या तपासणी नाक्याशेजारी सावलीचा मांडव, हौद आणि चढ-उतारासाठी पक्का ओटा एवढी सोय जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला झेपण्यासारखी आहे. लहान बाजारांत अजून मातीच्या बांधाला ट्रक टेकवून घोडे उतरवतात. फळी आणि बांध यांच्यात चार बोटांची फट राहिली तरी पाय मोडायला ती पुरते.

नाक्यावर तपासणी झालीच, तर कागदांसोबत गाडीचा मागचा भागही उघडून पाहावा. चारा किती, पाण्याचे कॅन किती, हे मोजायला दोन मिनिटं पुरतात. दाखला खिशात आणि कॅन रिकामा, अशा गाडीला पुढे सोडू नये.

कागदांमध्ये सर्वांत महत्त्वाचा आहे तो ग्लँडर्सच्या रक्तचाचणीचा अहवाल. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, त्यावर घोड्यांसाठी लस नाही आणि बाधित घोड्याला मारावंच लागतं. बरीच वर्षं शांत असलेला हा रोग २००६ साली देशात पुन्हा उफाळला तो महाराष्ट्रातच, पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांमध्ये. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची चाचणी होते. विकणाऱ्याकडे अहवाल नसेल तर घेणाऱ्याने घोडा कितीही आवडला तरी थांबावं.

घरी पोहोचल्यावर पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहावा, कारण फुफ्फुसाचा आजार याच दिवसांत डोकं वर काढतो. नव्या घोड्याचं ठाण दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून लांब असावं आणि त्याचं काम करणाऱ्याने आधी जुन्या घोड्यांचं उरकून मगच त्याच्याकडे जावं. त्यासाठी बादली, तोबरा आणि खरारा त्याचा वेगळा लागतो. बाजारातून निघताना साजाच्या दुकानाआधी या तीन वस्तू घ्याव्यात आणि चाऱ्याच्या पोत्याशेजारी ठेवाव्यात.