सीमावाद : बाहेरच्यांनी कोणाची बाजू घ्यावी?

साहित्य संमेलनांत बेळगावचा ठराव होतो, टाळ्या पडतात आणि मंडळी आपापल्या घरी परततात. उल्हासनगर-बदलापुरात बसून या वादात बाजू घेणे आम्हांला फार स्वस्त पडते. डिसेंबर 2022 मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, एसटीच्या फेऱ्या थांबल्या. खोळंबला तो सीमेवरचा माणूस, मराठी आणि कन्नड दोन्ही.

मग बाहेरच्यांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही, मौन नेहमी सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावर पडते. कॉकेशसकडे पाहावे : 1993 मध्ये अग्दममधून अझेरी उठले, 2023 मध्ये काराबाखमधून लाखावर आर्मेनियन. दुरून झेंडे नाचवणाऱ्यांचे घर मात्र शाबूत राहिले.

जमिनीचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमची बाजू भाषिक हक्काची असावी. बेळगावच्या मुलाला मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे, हे राज्यघटनेचे कलम 350-अ सांगते. तोच हक्क जत-अक्कलकोटच्या कन्नड मुलासाठी आम्ही तितक्याच आवेशाने मागतो काय? आणि फाळणीने उखडलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या आमच्या उल्हासनगरात किती मुले आज सिंधीतून शिकतात, याची चौकशी आमच्यापैकी किती मराठी प्राध्यापकांनी केली?

शेजारच्या भाषेसाठी ज्याचा हात वर होत नाही, त्याने बेळगावच्या ठरावासाठीही तो वर करू नये.