आधी काच काढा!

मित्रांनो, होस्टेलच्या गेटवरचा थर्मल कॅमेरा रात्री नुसता धुरकट दाखवतो आणि बोलणी खातात वॉचमनकाका! आता तर म्हणे त्यांचा पगार कापणार. अरे, जरा फिजिक्स आठवा. हा कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनचे उष्णतेचे किरण टिपतो. साधी काच ते अडवते, म्हणून तर त्याची लेन्स जर्मेनियमची असते. आपण मात्र पाऊस लागू नये म्हणून त्याला काचेच्या पेटीत बसवलाय! मग दिसणार काय, तर काचेचीच उष्णता. पेटी हवीच तर खिडकी जर्मेनियमची लावा, फोकस तपासा. मुसळधार पावसात चित्र थोडं फिकं पडणारच, ते चालवून घ्या. पण काकांच्या पोटावर पाय देण्याआधी एक काच काढून बघायला काय हरकत आहे? इंजिनिअर म्हणवतो ना आपण?